विशेष काही नाही

३ मे १९८८, मंगळवार

आज सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, मी कांद्याच्या पोत्यावर बसले असताना, माझ्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी उत्तर दिलं. वेळ घड्याळात बघून ठेवली आहे. तक्रार करायची तर तारीख-वेळेसकट करावी, नाहीतर लोक तिला कुरकुर म्हणतात, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर बेनिग्ना सांगत. याच मदर हजेरीला मैत्रिणीच्या नावावर ‘हजर’ म्हणणाऱ्या मुलीला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावत. जिचं तिने बोलावं.

झालं असं. ला पाझहून इकडे सान फेर्मिनला यायला खुर्च्यांचं विमान मिळेल असं मला कळवलं होतं. मिळालं मांसाचं. ही म्हातारी विमानं इथल्या कुरणांतले सोललेले बैल डोंगरापलीकडे ला पाझला पोचवतात आणि येताना कांदे, कोबी, बिअर घेऊन येतात. आज एक निवृत्त बाईही आणली. विमानात दाबाची हवा नसते. बर्फाच्या शिखरांवरून जाताना बाहेर जी विरळ हवा, तीच आत, आणि नाकाशी प्राणवायूची एक नळी.

निघताना नातानिएल नावाच्या मेकॅनिकने दाराच्या उंबऱ्यावर दारूचे थेंब शिंपडले आणि माझ्याकडे बोट करून पुटपुटला, “या बाईंचंपण तूच सांग.” आमच्याकडे नवं पातेलं घेतलं तरी धरणीमातेला थेंब पाजतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

शिखरांवर आल्यावर कॅप्टन रिबेराने मान न वळवता ओरडून सगळ्यांची चौकशी केली. माझ्या उजव्या गुडघ्यात आतून सुई टोचावी तसं दुखत होतं. ते सांगायला मी तोंड उघडणार, तोच मागून बायकी आवाज आला, “विशेष काही नाही.” मागे कांदे होते.

उतरल्यावर मी नातानिएलला खडसावलं, की नकला घरी कराव्यात. तो गंभीरपणे म्हणाला की सिन्योरिता इतुराल्दे, कांदेच बोलले असतील, ला पाझचे कांदे फार शिकलेले असतात.

ते सोडलं तर मी खुश आहे. हवा इथे सूपसारखी दाट आहे. जिना चढले तरी धाप लागली नाही. राहायला नातानिएलच्याच आईकडे, पेत्रोनाबाईंकडे, खोली मिळाली आहे. अंगणात आंब्याचं झाड, त्याला झोळी. जेवायला केळं आणि सुकं मांस एकत्र कुटून केलेला मासाको. दोनदा घेतला. पेन्शनीत निघालेल्या बाईला अजून काम मिळतं आणि भूक लागते, याबद्दल देवाचे आभार.

५ मे, गुरुवार

कामाची जागा पाहिली. धावपट्टीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये एक लोखंडी टाकी आडवी ठेवली आहे. बॉयलरसारखी, जाड काचेच्या गोल खिडक्यांची. आत दोन बाकांवर पाच जागा, प्रत्येक जागेवर प्राणवायूचा एक मुखवटा लटकतो. वैमानिकांना तपासणीसाठी आत बसवायचं, दार लावायचं, आणि लिसार्दो युको नावाच्या माणसाने पंपाने हवा ओढून घ्यायची. माणूस जमिनीवरच असतो, पण त्याच्या रक्ताला वाटतं आपण शिखरावर आलो.

डॉक्टर मेल्गार या सगळ्याचे प्रमुख. पांढरे बूट घालतात आणि वाक्य संपायच्या आधी हसतात. मी त्यांना सांगितलं की तीस वर्षं विमा कंपनीत मी माणसं केव्हा मरतील याचीच गणितं केली, तेव्हा मला गोष्ट सोपी करून सांगू नका. तरी त्यांनी सोडावॉटरची बाटली उघडून दाखवलीच. बाटलीचा दाब गेला की बुडबुडे येतात; माणसाचंही तसंच. खालच्या दाट हवेत रक्तात, सांध्यांत, मज्जेत वायू मुरलेला असतो. एकदम वर नेलं की त्याचे बुडबुडे होतात. गुडघ्यात झाले तर दुखतं, कातडीखाली झाले तर मुंग्या, छातीत किंवा मेंदूत झाले तर स्वर्गातल्या मदर बेनिग्नांच्या हवाली.

उपाय एकच. उड्डाणाआधी अर्धा तास मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू घेऊन तो मुरलेला वायू धुऊन काढायचा. पण सिलिंडर नदीवरून होडीने येतात, आणि इथल्या होड्या इथल्या माणसांसारख्याच, सवडीने येतात. मांस उन्हात थांबत नाही. तेव्हा विमानवाल्यांना हा अर्धा तास नको आहे. गेल्या नऊ वर्षांच्या नोंदींवरून मी एक सूत्र बसवायचं आहे: किती उंच, किती वेळ, प्राणवायू किती, अंगमेहनत किती, हे घातलं की शंभरांतल्या किती जणांना त्रास होईल ते बाहेर यावं. मी ‘धोका नाही’ असं लिहून सही केली की अर्धा तास रद्द.

काम मला आवडलं. कातडीच्या आतलं दुखणं कागदावर आधी दिसावं, याहून दयेचं गणित दुसरं नाही.

९ मे, सोमवार

नऊ वर्षांत शेकडो माणसं टाकीत चढली-उतरली. प्रत्येकाच्या नावापुढे एकच शेरा आहे: विशेष काही नाही. कुणाला खाज नाही, कुणाचा सांधा नाही. मी रेघ काढली तर ती पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत सरळ गेली. शंभरातले शंभर ठणठणीत. जी रेघ कुठेच वाकत नाही ती माणसांची नसते. पहाटेच्या प्रार्थनेला आमच्या वर्गातसुद्धा कुणीतरी खोकायचंच.

दुपारी जेवताना नातानिएल पाय लांब करून बसला होता आणि गुडघ्यावर गरम मिठाची पुरचुंडी धरली होती. मी विचारलं, तर म्हणाला पाहुणा आलाय. विमानात दुखणं हा शब्द उच्चारायचा नाही अशी त्यांची रीत. गुडघ्यात पाहुणा, खांद्यात पाहुणा. डॉक्टरला सांगितलंस का, असं विचारल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोबीतून उगवले आहे. सांगितलं की त्या दिवसापासून माणूस जमिनीवर. “जमिनीवर मी काय करू, बाई? बैलांना गाणी म्हणून दाखवू?”

पेत्रोनाबाईंनी त्याच्या डोक्यात चमचा मारला आणि मला आणखी मासाको वाढला. तो त्यांचा एकुलता एक. तीस वर्षांचा घोडा आहे, पण त्याच्या ताटातले मांसाचे तुकडे त्या अजून बोटांनी सोडवून देतात. मला तो ‘गोठवून वाळवलेला बटाटा’ म्हणतो, कारण आम्ही डोंगरवाले तसे बटाटे करतो. मी त्याला ‘ओलं लाकूड’ म्हणते. आमचं बरं चाललं आहे.

१२ मे, गुरुवार

आज चौघेजण टाकीत चढले: कॅप्टन रिबेरा, नातानिएल आणि दुसऱ्या विमानाचे दोघे. पाचवी जागा रिकामी ठेवतात. मी लिसार्दोच्या शेजारी स्पीकरपाशी बसले.

रीत अशी की ठरलेल्या उंचीवर लिसार्दो एकेका जागेचा नंबर पुकारतो आणि आतला माणूस उत्तर देतो. एक? विशेष काही नाही. दोन? विशेष काही नाही. तीन, चार, तसंच. लिसार्दो चारवर थांबला. तरी स्पीकरमधून पाचव्यांदा आलं, जरा सावकाश, विशेष काही नाही.

मी लिसार्दोकडे पाहिलं. तो नखं कुरतडत होता. म्हणाला, तार जुनी आहे, घुमतं.

पुढच्या पुकाराला मी खिडकीला डोळा लावला. दोन नंबरवर नातानिएल. दोन्ही हातांनी गुडघा आवळून वाकलेला, चेहरा राखेसारखा, ओठ दातांखाली घट्ट धरलेले. लिसार्दोने दोन पुकारलं. माझ्या मागे स्पीकरमधून नातानिएलचा आवाज आला, हसरा, नेहमीसारखा थोडा चढवलेला. विशेष काही नाही.

त्याचे ओठ दातांखालीच होते. त्यांतून रक्त आलं होतं.

मी ओरडले की खाली आणा. लिसार्दोने विचारलं कशासाठी, सगळे तर ठीक म्हणतायत.

१४ मे, शनिवार

काल दिवसभर मी स्वतःला समजावलं की काच जाड आहे आणि माझे डोळे सदुसष्ट वर्षांचे आहेत. मग पेत्रोनाबाईंनाच विचारलं. त्या चीज घातलेल्या पिठाचे गोळे वळत होत्या. वळणं न थांबवता त्यांनी सांगितलं, जणू गावातल्या विहिरीची हकीकत.

टाकीत पूर्वी प्रत्येक तुकडीबरोबर आन्सेल्मो मोये नावाचा मदतनीस चढायचा. पाचवी जागा त्याची. स्वभावाने अति गोड. आणि नकलाकार असा की जत्रेत तो बिशपच्या आवाजात आशीर्वाद द्यायचा आणि बायका गुडघे टेकायच्या. आत कुणाला पाहुणा आला तर तो आन्सेल्मोकडे बघायचा. मग आन्सेल्मो त्याच्या आवाजात उत्तर द्यायचा. माणसाला ओठ आवळून सोसायला सवड मिळायची आणि नोकरी वाचायची. गावात कित्येक घरांच्या चुली त्याने तशा पेटत्या ठेवल्या.

एके दिवशी दार उघडलं तर चौघे उतरले, आन्सेल्मो बसून राहिला. तो थंड झाला होता, आणि नुकता नव्हे. हात मुडपेना इतका. पण उतरण्याआधीच्या शेवटच्या पुकाराला पाच आवाज आले होते.

“तेव्हापासून आम्हीच त्याला सांगतो,” पेत्रोनाबाई म्हणाल्या. “निघताना दोन थेंब टाकायचे आणि म्हणायचं, माझं तू सांग. तो कुणाला नाही म्हणत नाही हो.”

मी विचारलं की त्याला थांबायला कोण सांगतं. त्यांनी गोळा हातात तसाच धरला. हे कुणाला सुचलंच नव्हतं.

मला तीन मेचे थेंब आठवले. ‘या बाईंचंपण तूच सांग.’ गंमत म्हणून केलं असेल, किंवा माया म्हणून. मला कुणी विचारलं नव्हतं.

१८ मे, बुधवार

शेरे बाजूला ठेवून सूत्र नव्याने मांडलं. आता शेऱ्यांऐवजी चालणं पाहते: उतरल्यावर कोण लंगडतो, कोण हात खिशात लपवतो, कोणाच्या बायकोने मीठ गरम केलं. डॉक्टरांच्या कपाटात रक्तातले बुडबुडे ऐकायचं यंत्र होतं, तक्रारच नाही म्हणून पेटीत बंद. ते काढून उतरलेल्यांच्या छातीला लावलं. नातानिएलच्या छातीत खडीवरून बूट चालल्यासारखा आवाज होता. तो म्हणाला, ही वाळवलेली बटाटी माझ्या प्रेमात पडली, आई.

रेघ वाकली. अशी वाकली की पेन्सिल ठेवून मी बाहेर जाऊन उभी राहिले. प्राणवायूचा अर्धा तास काढून टाकला तर डोंगर ओलांडेपर्यंत तिघांतल्या एकाला बुडबुडे गाठतात. विमानात तिघेच असतात. आणि मी डोंगराची, मला काय होणार, असंही आता म्हणता येत नाही. दोन आठवड्यांत इथली दाट हवा माझ्याही हाडांत मुरली.

सही करणार नाही असं डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. विचार करा म्हणाले, रविवारी येतो.

२२ मे, रविवार

आज पेंटेकॉस्ट. माणसांच्या तोंडून भलत्याच भाषा निघण्याचा सण. फादरने त्यावर लांबलचक प्रवचन दिलं, आणि मी पहिल्या बाकावर बसून शेवटपर्यंत ऐकलं. हे लिहून ठेवते, कारण मी चर्चमध्ये होते याला पूर्ण गाव साक्षी आहे.

परत आले तर अंगणात पेत्रोनाबाई खुशीत होत्या. म्हणाल्या, बरं झालं तुम्ही मिटवलंत. डॉक्टर येऊन गेले. माझ्या खोलीच्या बंद दाराबाहेर उभे राहून त्यांनी विचारलं, बाई, आमच्या अहवालाला अजून हरकत आहे का. आतून म्हणे मी उत्तर दिलं. विशेष काही नाही. तुमच्या मनासारखं करा.

मी चर्चमध्ये होते, असं मी पेत्रोनाबाईंना सांगितलं. त्यांनी क्रूसाची खूण केली आणि स्वयंपाकघरात गेल्या.

२३ मे, सोमवार

डॉक्टरांकडे गेले. ‘सिन्योरिता इतुराल्दे यांची हरकत नाही’ असा अहवाल टाइप होऊन विमानवाल्यांकडे पोचला आहे. मी तो नाकारते म्हटलं. ते दुखावले. म्हणाले, तुमचा आवाज मी ओळखत नाही का? इतका फटकळ आवाज या गावात दुसरा नाही. पण काल गोड बोललात, म्हणून तर मला आनंद झाला.

अर्धा तास रद्द. आजपासून.

२५ मे, बुधवार

सकाळी धावपट्टीवर धावले. या वयात. रिबेराचं विमान भरलं होतं, बैल लटकवले होते. नातानिएल उंबऱ्यावर थेंब टाकत होता. मी ओरडून सांगितलं की ते करू नकोस, आजच्या दिवस करू नकोस, दुखलं तर दुखतं म्हण. पंख्याचा आवाज सुरू झाला होता. त्याने कानाला हात लावून दाखवला, हसला, आणि माझ्या नावाचेही दोन थेंब टाकले.

संध्याकाळी टॉवरवर चौकशी केली. ला पाझला उतरलेले नाहीत. पण रेडिओवर आहेत. काय म्हणतात? विशेष काही नाही.

२६ मे, गुरुवार

इंधन कालच संपलं असणार. हे मी टॉवरच्या माणसाला साध्या वजाबाकीने दाखवलं. त्याने माझ्यादेखत माइक उचलला. खरखर झाली, आणि रिबेरा, मग दुसरा वैमानिक, मग नातानिएल, एकामागून एक, ओळीने. तीनवर थांबले नाहीत. मी मोजणं सोडून दिलं.

तो म्हणाला, उत्तर देणाऱ्या विमानाला हरवलेलं कसं म्हणायचं? शोध काढायला विमान बेपत्ता असावं लागतं. कुठेतरी गवतात उतरले असतील, इंजिन गार होईतो आराम करत असतील.

शोधाचं विमान सकाळीच निघू शकतं. दुपारनंतर शिखरांवर ढग बसतात. म्हणजे आजचा दिवस गेला. वर कुणी जिवंत असेल तर ही थंडीतली दुसरी रात्र.

आजपासून मी बोलणार नाही. सगळं लिहूनच. माझ्या तोंडावर माझा ताबा उरलेला नाही—

२७ मे, शुक्रवार

आज आमच्याकडे आईचा दिवस. पेत्रोनाबाई इस्त्रीचा झगा घालून टॉवरवर गेल्या. त्यांना माइक दिला. मी मागे उभी होते.

त्यांनी विचारलं, “बाळा, जेवलास का?”

विशेष काही नाही.

“थंडी वाजते का रे तिकडे?”

विशेष काही नाही.

त्या माझ्याकडे वळल्या. डोळे पाणावलेले, पण समाधानाने. म्हणाल्या, आईच्या दिवशी हा कधी धड बोललाच नाही, लहानपणापासून असाच. मग माइकमध्ये म्हणाल्या, की तुझ्यासाठी मासाको झाकून ठेवलाय.

मी पाटीवर लिहिलं: तो नातानिएल नाही. त्यांना वाचता येत नाही. कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी माइक खाली ठेवला. म्हणाल्या, तुम्हाला मूल नाही, बाई.

नंतर. डॉक्टर आणि लिसार्दोला लेखी प्रस्ताव दिला. मला टाकीत एकटीला चढवा. लिसार्दोने स्वतःच्या हाताने माझं तोंड रुमालाने बांधावं, गाठ त्याने मारावी. वर गेल्यावर त्याने पुकारावं. स्पीकरमधून माझा आवाज आला, तर तो माझा नाही हे तो डोळ्यांनी बघेल. मग ताबडतोब मला खाली आणायचं आणि टॉवरला सांगायचं की रेडिओवरचे आवाजही खोटे, शोध काढा. दोघांनीही कबूल केलं. डॉक्टर हसले नाहीत. पहिल्यांदाच.

आधी प्राणवायू मागितला. सिलिंडर संपले आहेत. होडी आलेली नाही.

२८ मे, शनिवार

टाकीत. पहिल्या जागेवर. गाठ लिसार्दोने मारली, दोनदा. खिडकीपलीकडे तो आणि डॉक्टर. वही मांडीवर. काटा चढतो आहे. कान फुटल्यासारखे—ठीक. बाहेर ऊन आहे. सकाळचं, आकाश मोकळं. शोधाला चांगला दिवस.

शिखरांच्या उंचीला आले. हातांवर मुंग्या. खरोखरच्या वाटतात, झटकल्या. गुडघा, तोच. सुई.

लिसार्दोने पुकारलं. एक?

माझा आवाज. गोड. मी मदर बेनिग्नांशी बोलायची तसा. विशेष काही नाही.

झालं. ऐकलं त्याने. आता खाली आणेल.

आणत नाही. काचेवर धुकं धरलं आहे, हवा काढली की धरतंच. पुसलं. तो बघतो आहे, माझ्याकडेच. मी रुमालाकडे बोट दाखवलं. त्याने अंगठा वर केला. हसतो आहे.

काचेत माझं प्रतिबिंब. त्याच्या तोंडावर रुमाल नाही. ते बोलतं आहे—

रुमाल माझ्या तोंडावर आहे. हात लावून पाहिला. गाठ आहे. दोन्ही.

कागद फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलं: आवाज माझा नाही, दुखतंय, खाली आणा, डोंगरावर विमान पाठवा. काचेला चिकटवला. लिसार्दोने वाचला, ओठ हलवत. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वाचला. मान हलवली, आनंदाने. पाटीवर लिहून मला दाखवलं:

‘आभारी आहोत, लेओनोरबाई. तुमच्या इच्छेप्रमाणे आणखी वर नेतो.’

काटा—

पाचव्या जागेवरचा मुखवटा लटकतो आहे. त्याची छोटी झडप उघडते. मिटते. उघडते. कुणीतरी सावकाश, अगदी मायेने—

आन्सेल्मो, मी तुला सांगितलं नव्हतं. मी नाही सांगितलं. ते थेंब माझे नव्हते. वर तो पोरगा असेल अजून, त्याचं तरी सोड. त्याची आई झाकून ठेवून बसली आहे—

खोकला. थांबत नाही. छातीत खडी. बूट.

पुन्हा लिहिते. नीट. तारखेसकट.

प्रति, डॉक्टर मेल्गार. ३ मे, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या परवानगीवाचून माझ्या वतीने उत्तर देण्यात आलं. त्याचं आणि शोध न काढण्याचं लेखी कारण मला आज, २८ मे, दुपारी बाराच्या आत द्यावं. ढग यायच्या आत. तोंडी चालणार नाही. अक्षर माझंच आहे, अजून माझंच. माझी तक्रार एवढीच, की विशे